वाकड्या शिंगाचा शिरदाक

बूट दाराबाहेर काढा, मित्रांनो, आणि खुशाल माझ्यावर मांडी घालून बसा. लाजू नका. माझ्या कडा थोड्या उसवल्या आहेत, एका कोपऱ्यावर दुधाच्या चहाचा डाग आहे, पण ऊब मात्र पहिल्या दिवसाइतकीच आहे. या घरातल्या सगळ्या मुलांहून वयाने थोरला असा मी एक शिरदाक आहे. शिरदाक म्हणजे दोन रंगांचे नमदे, म्हणजे घट्ट दाबलेल्या लोकरीचे थर, कापून, एकाची नक्षी दुसऱ्यात बसवून शिवलेला जाडजूड गालिचा. माझे मैदान लाल आहे, त्यात मेंढ्याची काळी शिंगे आहेत, आणि त्यांतले एक शिंग वाकडे आहे. त्या शिंगाकडे बोट दाखवून हसू नका हं! आधी ऐका, मग हसा.

माझा जन्म एका वसंतात, दूर बर्फाळ डोंगरांतल्या नारीन नदीच्या खोऱ्यातल्या एका गावात, आसिलकानबाईंच्या अंगणात झाला. तेव्हा मी नुसती लोकर होतो. गावातल्या बाया जमल्या, बारीक काठ्यांनी त्यांनी मला झोडपून पिंजले, गवताच्या काड्यांच्या चटईवर पसरले आणि वरून उकळते पाणी शिंपडले. मग चटईसकट माझी गुंडाळी केली, दोरखंडाने आवळली आणि सगळ्या जणी ओळीने उभ्या राहून मला लाथा घालू लागल्या. आमच्याकडे नमदा असाच होतो. जितक्या लाथा, तितका घट्ट.

"जोरात घाला गं!" शेजारची कुलिपावहिनी ओरडली. "नवऱ्याला घालता येत नाहीत, निदान नमद्याला तरी घाला!"

बाया हसून हसून कोलमडल्या. त्या ओळीत आसिलकानबाईंच्या दोन लेकी होत्या. थोरली झिपार, जिचे लग्न येत्या शरदात व्हायचे होते, आणि धाकटी बुरुल, पंधरा वर्षांची. झिपारच्या रुखवतासाठीच तर हा सगळा खटाटोप होता. माझ्या जोडीचा काळा नमदा काळ्या मेंढ्यांच्या लोकरीचाच होता, त्याला रंग लागला नाही. मला मात्र रंगाच्या कढईत बुडवले, आणि बाहेर काढल्यावर सगळ्यांनी तोंडात बोट घातले. मी निखाऱ्यासारखा लाल झालो होतो!

"बाई बाई, काय रंग चढलाय!" कुलिपावहिनी म्हणाली. "आता हा कापणारीचा हात थरथरला तर पाप लागेल हो पाप!"

ती सहज बोलून गेली. पण मी पाहिले, बुरुलने आपला उजवा हात पाठीमागे लपवला.

कारण कापणारी बुरुलच होती. एरवी गावातले सगळे शिरदाक आसिलकानबाई कापत. पण आधीच्या हिवाळ्यात पाणी आणताना त्या बर्फावर घसरल्या, मनगट मोडले आणि हाड वाकडे जुळले. बोटे आता मिटत नव्हती, सुरी धरणार कशी? झिपारचा हात सुईचा होता. टाका घालावा तर तिनेच, पण सुरी हाती आली की तिची रेघ बकरी पळावी तशी पळे. बुरुल मात्र गोठ्याच्या भिंतीवरसुद्धा कोळशाने सुरेख शिंगे काढायची. म्हणून एके दिवशी न्याहारीला आसिलकानबाईंनी आपली वाकडी सुरी तिच्यापुढे ठेवली.

"ताईचा शिरदाक तू कापायचास."

"मी?"

"नाही, गाढव कापेल. तूच गं!"

बुरुल हसली आणि म्हणाली, "बरं. उद्या करते."

मित्रांनो, हा "उद्या" मी इतक्यांदा ऐकला की मला वाटू लागले, हे माझेच नाव आहे.

ती आळशी होती असे म्हणू नका, मला राग येईल. उलट त्या दिवसांत तिच्याइतके काम कोणी केले नसेल. पहाटे दूध काढी, पाणी आणी, शेणाच्या गोवऱ्या भिंतीसारख्या रचून ठेवी. चहाचे पाणी उकळायचा पितळी समोवार तर तिने इतका घासला की त्यात आरशासारखे तोंड दिसू लागले. न सांगितलेली सगळी कामे ती करायची, सांगितलेले एक सोडून. आणि आई कौतुकाने म्हणायची, "किती गुणाची गं माझी पोर!" तेव्हा बुरुलचे तोंड आंबट ताक प्यायल्यासारखे होई. ते कौतुक तिला टोचत असे, कारण ते आपण चोरून घेतले आहे असे तिला वाटत असे.

कधी कधी ती माझ्याजवळ येई. मला काळ्या नमद्यावर पसरून दोघांना टाचून घेई, खडूने शिंग काढी, पुसे, पुन्हा काढी, पुन्हा पुसे. खडूच्या भुकटीने मी लालचा गुलाबी व्हायची वेळ आली! मग ती सुरीला धार लावत बसे. सुरी केस चिरेल इतकी तीक्ष्ण झाली होती, तरी धार लावणे चालूच. आणि धार लावता लावता पुटपुटे:

"घसरली तर? दोन्ही नमदे एकदम जातील. एवढी लोकर आता कुठून आणायची? सासरचे म्हणतील, आसिलकानच्या लेकीला साधं कापता येत नाही. आईचं नाव जाईल. ताई रडेल. ताईच्या मुलांना पण कोणीतरी सांगेल, बघा रे, हे तुमच्या मावशीने बिघडवलं…"

ताईचे लग्न अजून व्हायचे होते, आणि ही बाई भाच्यांपुढे लाजून मोकळीसुद्धा झाली होती!

शाळेतही तिचे असेच असे. उत्तर येत असले तरी हात वर करायला जायची, आणि अर्ध्यावरच कान खाजवून खाली घ्यायची. तिच्या मनात एक भीती शिरली की ती आपल्या सगळ्या नातेवाइकांना घेऊन येई, आणि त्या पाहुण्यांची उठबस करता करता दिवस मावळे. मग ती मला गुंडाळून कोपऱ्यात उभा करी. सुरीचे भय नमद्यालाही असतेच, त्यामुळे क्षणभर मला हायसे वाटे. पण गुंडाळलेल्या नमद्याच्या पोटात अंधार असतो, मित्रांनो, आणि अंधारात कसर येते. माझ्या कडेला एक बारीक पतंग घुटमळू लागला.

तो झिपारने पाहिला. दवण्यासारख्या कडू वासाचा पाला खुडून आणून तिने तो माझ्या घड्यांमध्ये खोचला आणि मला होता तसा ठेवून दिला. बुरुलने दारातून ते पाहिले. ताईने आरडाओरडा केला असता, वेणी ओढली असती, तर बुरुल सुटली असती. पण झिपार तिला कधी एका शब्दाने विचारत नसे, आणि त्यामुळे बुरुलला तिच्याशेजारी बसून जेवणेही जड जाऊ लागले. भाकरी चहात बुडवायची आणि तशीच धरून बसायची.

उन्हाळ्यात वडील मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात गेले, खाली गवताची कापणी झाली, पॉपलरची पाने पिवळी पडायला लागली. कुलिपावहिनीने एकदा विचारलेही, "अगं आसिलकान, पलीकडच्या गावातून कोणी कापणारी बोलावू का?"

"नको," आसिलकानबाई म्हणाल्या. "माझ्या बुरुलचा हात आहे. ती करील."

बुरुल आतल्या खोलीत होती. तिने उशी तोंडावर दाबून धरली. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा कधी कधी किती राग येतो ना! आणि मग त्या रागाचीही लाज वाटते.

एका दुपारी ती कुरुत वाळत घालायला निघाली होती. कुरुत म्हणजे आंबट दह्याचे वाळवलेले गोळे. हातात परात घेऊन ती दाराशी आली आणि थबकली. बाहेर पायरीवर झिपार आणि कुलिपावहिनी लोकर उकलत बसल्या होत्या.

"काय गं नवरी," वहिनी म्हणत होती, "तुझ्या शिरदाकाचं काय झालं? का सासरी उघड्या जमिनीवर बसणार?"

"नाही हो वहिनी. मीच म्हटलं, नका कापू."

"का?"

"मला तो लालभडक रंग आवडतच नाही. मी बाजारात गालिचा सांगून ठेवलाय. यंत्राचा. हलका असतो, न्यायला सोपा."

"तुला लाल आवडत नाही?" वहिनीचा आवाज चढला. "मग डोक्याला काय बांधलंयस, गवत?"

झिपारने डोक्यावरच्या लाल रुमालाला हात लावला. "हा… हा जुना आहे."

दारामागे बुरुलच्या हातातली परात कलंडली आणि कुरुताचे गोळे घरभर घरंगळले. ती ते वेचत वेचत माझ्या कोपऱ्यापर्यंत आली. तिथेच बसली आणि माझ्या गुंडाळीला कपाळ टेकून रडली. आवाज न करता.

"माझ्यासाठी खोटं बोलली," ती म्हणाली. "ताईला खोटं बोलताच येत नाही, आणि माझ्यासाठी बोलली."

त्या दिवशी ती "उद्या" म्हणाली नाही. डोळे पुसून ती उठली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. दार उघडेच होते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

आसिलकानबाई डाव्या हाताने शेवयांचे पीठ लाटत होत्या.

"आई, मी शिरदाक कापला नाही."

"माहीत आहे. डोळे आहेत मला."

"मला वेळ नव्हता असं नाही. मला भीती वाटते."

"तेही माहीत आहे." त्यांनी लाटणे बाजूला ठेवले. "मी बोलले नाही, म्हटलं, आपोआप जाईल. ती माझी चूक. भीती काही पाहुणी नाही, चहा घेऊन निघून जायला."

"चुकलं तर, आई?"

"ये इकडे. धर चाकू."

त्यांनी पिठाच्या दोन पोळ्या लाटल्या. एकीत थोडी हळद घातली होती, ती पिवळी होती. दोघींच्या मध्ये पीठ भुरभुरून त्यांनी पिवळीवर पांढरी ठेवली.

"डोळे मीट आणि काप. मधून."

"मिटून?"

"मीट म्हटलं ना! रेघ कशी का जाईना."

बुरुलने डोळे मिटून चाकू ओढला. रेघ नागासारखी वळवळत गेली. आसिलकानबाईंनी पांढरा अर्धा उचलला आणि पिवळ्या अर्ध्याशेजारी सरकवला. वळणाला वळण मिळाले. कुठे फट नाही, कुठे सुरकुती नाही.

"आता सांग, कुठे चुकलीस?"

बुरुल बघत राहिली. "दिसत नाही."

"कशी दिसेल? दोघींत सारखीच चूक झालीय. शिरदाक दोन नमदे एकत्र टाचून कापतात तो उगीच का? तुझी सुरी जिथे घसरेल तिथे खालचाही तितकाच घसरेल. चुकलेलं सुद्धा बसतं गं, वेडे. बसत नाही ते फक्त न कापलेलं."

"पण लोकांना दिसेल ना, शिंग वाकडं ते?"

"तू ज्याच्यावर निजतेस त्या शिरदाकावर कुत्र्याच्या शेपटीची नक्षी आहे बघ, कोपऱ्यात."

"हो. मला फार आवडते ती."

"ती शेपटी नाहीच. मी शिंग कापत होते आणि तू पाळण्यात भोकाड पसरलंस. सुरी गेली भलतीकडे. मग म्हटलं, होऊ दे शेपटी!"

बुरुल रडता रडता फिस्सकन हसली.

"एकच लक्षात ठेव," आई म्हणाली. "सुरी अर्ध्यावर उचलायची नाही. घाबरून थांबतेस तिथेच नमदा फाटतो. आणि आज फक्त एक शिंग काप. बाकीची टाक उद्यावर. तुला तर त्याची सवयच आहे!"

मित्रांनो, मला उलगडले तेव्हा खिडकीतून ऊन येत होते. किती दिवसांनी! बुरुलने मला काळ्या नमद्यावर घातले, टाचले, एकदाच खडू फिरवला आणि पुसायला हात गेला तसा तो मांडीखाली दाबून ठेवला. मग सुरी माझ्यात शिरली. दुखले का म्हणाल, तर दुखले. पण गुंडाळून उभे राहण्याइतके नाही.

पहिले शिंग छान वळले. तिला इतका आनंद झाला की एकच कापायचे ठरले असूनही तिने दुसऱ्याला हात घातला, आणि तिथेच नेमकी सुरी घसरली! शिंगाचे टोक आत वळायचे ते बाहेर निघाले. मला तिची बोटे कळली, गार पडलेली. ते सगळे जुने पाहुणे दारात येऊन उभे राहिले असणार, नमदे गेले, लोकर गेली, आईचे नाव गेले, भाचे हसले. तिचा डावा हात माझ्या कडेकडे गेला, मला गुंडाळायला.

पण उजवा हात सुरीवरच होता. आणि सुरी अर्ध्यावर होती.

तिने ती उचलली नाही. ओठ दाताखाली धरून तिने ते चुकलेले टोक तसेच पुढे नेले, मोठा वळसा घातला आणि हळूहळू परत रेघेवर आणले. मग लाल शिंग उचलून काळ्यात ठेवले, काळे उचलून माझ्यात ठेवले. बसले. अगदी बसले!

भीती गेली होती असे मी म्हणणार नाही, कारण तसे झाले नाही. ती बुरुलच्या शेजारीच बसून होती. पण सुरी आता भीतीच्या हातात नव्हती.

त्यानंतर रोज दूध काढून झाले की बुरुल यायची, शिंगे कापायची आणि उठायची. शेवटचे शिंग निघाले तेव्हा तिने आम्हा सगळ्या तुकड्यांना कवेत घेतले आणि झिपारच्या पुढ्यात आणून टाकले.

"ताई, सुईत दोरा ओव."

झिपार बघतच राहिली.

"लालभडक आहे," बुरुल म्हणाली. "चालेल ना?"

झिपारचे कान रुमालापेक्षा लाल झाले. "दारामागून ऐकतेस होय गं, चोरटे?" एवढे म्हणून ती मान खाली घालून सुई शोधू लागली, आणि समोर पडलेली सुई तिला किती तरी वेळ सापडेना.

मग बाया पुन्हा जमल्या. नक्षीच्या कडेने पिळाची दोरी शिवली गेली, खाली जाड अस्तर आले. आमचे दोन शिरदाक झाले. लाल मैदानात काळी शिंगे, तो मी. काळ्या मैदानात लाल शिंगे, तो माझा जुळा भाऊ. तो आसिलकानबाईंच्या घरी राहिला. माझे अर्धे अंग त्याच्यात आहे, त्याचे माझ्यात. मी झिपारबरोबर निघालो.

आमच्याकडे नवरीचे रुखवत सासरी सगळ्यांदेखत उलगडतात. पाठराखणीला कुलिपावहिनी आणि बुरुल आल्या होत्या. मला पसरले आणि नवऱ्याकडच्या बाया वाकून वाकून पाहू लागल्या. हात फिरवला, टाके मोजले, एकीने तर वास घेतला. नवऱ्याची थोरली काकी मोठी खमकी. तिचे बोट फिरत फिरत आले आणि त्या शिंगावर थांबले.

"हे कुणी कापलंय गं? बाकीची शिंगं आत, हे एकटंच बाहेर कुठे निघालंय, बाजाराला?"

सगळ्या हसल्या. कुलिपावहिनीने उत्तर द्यायला तोंड उघडले. झिपारही काहीतरी बोलणार होती, आणि ते खोटे असणार हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. तेवढ्यात बुरुलचा हात वर गेला. अर्ध्यावर थांबला नाही, कानाकडे वळला नाही, सरळ वर गेला, जणू ती वर्गातच बसली होती!

"मी कापलंय, काकी. तिथे माझी सुरी घसरली. मी घाबरले होते. हे सगळं वसंतातच व्हायला हवं होतं, माझ्यामुळेच लांबलं. पण पालथा हात फिरवून बघा, कुठे फट लागते का."

काकीने खरेच पालथा हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"फट नाही," ती म्हणाली. मग बुरुलकडे पाहून तिने डोळे बारीक केले. "आमच्या कळपातला म्हातारा मेंढा आहे ना, त्याचंही एक शिंग असंच आहे. सगळ्यांत आधी डोंगर तोच चढतो." आणि ती धप्पदिशी माझ्यावर बसली. "चहा आणा! घसा सुकला माझा."

बाया चहाला लागल्या तशी बुरुल माझ्या कडेला बसून झिपारला हळूच म्हणाली, "ताई, मी फार उशीर केला गं. बाजारातल्या गालिच्याचं सांगून ठेवलं होतंस, त्याचं काय झालं? त्या माणसाने कटकट केली का?"

"कुठला गालिचा?"

"यंत्राचा. तू वहिनीला म्हणालीस तो."

झिपारने बहिणीच्या कपाळावरची बट कानामागे सारली.

"मी काही सांगूनबिंगून ठेवलं नव्हतं. रुखवताच्या पेटीत वरची जागा मी तशीच रिकामी ठेवली होती. मला माहीत होतं तू कापशील."

बुरुल माझ्यावर पालथी पडून रडली. या वेळी मात्र आवाज करून, नाक ओढत, लहान मुलीसारखी. माझी लोकर ओली झाली. काकीने विचारले, "काय झालं हिला?" आणि कुलिपावहिनी म्हणाली, "काही नाही हो, नमदा अजून घट्ट करतेय!"

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. माझी एक विनंती ऐका. वर्षातून निदान एकदा मला उन्हात टाका, काठीने झटका, कसर लागू देऊ नका. आम्ही झिजलो तरी चालते, आम्ही त्यासाठीच जन्मलो. कोपऱ्यात गुंडाळून मात्र ठेवू नका. आणि तुमच्याही मनाच्या कोपऱ्यात एखादे काम असे गुंडाळून उभे असेल, तर त्याच्याकडे पाठ करून समोवार घासत बसू नका. सगळे एकदम उलगडायला कोण सांगते आहे? एका शिंगापुरते उलगडा. सुरी घसरली तर घसरू द्या, पण अर्ध्यावर उचलू नका.

कारण तुम्ही जेव्हा "उद्या, उद्या" म्हणत असता, तेव्हा कोणीतरी, काही न बोलता, तुमच्या कामासाठी पेटीतली जागा रिकामी ठेवून बसलेले असते.